तिसरा खटका

बस्त्यांवकाकांनी बाकावर ठेवलं ते
जुन्या लुंगीच्या फडक्यात,
सोबत परवान्याची झेरॉक्स.
नारळी पुनवेला होड्यांची शर्यत सोडायचं पिस्तूल.
सहा घरांची चक्री, दारू ठासायची, गोळी नाही.
जिनोवाच्या बंदरात घेतलं म्हणे,
बोटीवर फिटर होते तेव्हा.
दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पिस्तुलाची नक्कल.
नक्कल असली तरी
गंज अस्सल होता, वेंगुर्ल्याचा.

"तीन खटके होते गो बाय," ते म्हणाले,
"घोडो ओढलो काय एक, दोन, तीन.
आता तिसरो येणा नाय."

माझं दुकान होड्यांच्या इंजिनांचं.
पण खटका तो खटका.

आधी पाहिलं, सहाही घरं रिकामी आहेत ना.
मग नळीची पाचर. ती हलेना.
लाकडी हातोडीनं हळूहळू,
दाढ काढावी तशी काढली.
आत सगळं तव्याच्या बुडासारखं काळं
आणि वर काहीतरी चिकट, पिवळट.
नखानं उकरून हुंगलं.
"खोबरेल घातलात?"
"मगे काय, उंडेल घालू?"
पौषात जे बाटलीत थिजतं
ते स्प्रिंगच्या पाठीवर थिजणार नाही होय?

कढत पाणी, साबण, दाताचा जुना ब्रश.
बारूदीची काजळी पाण्यालाच भुलते,
रॉकेलला दाद देत नाही.
घोड्याच्या खाचेत सापडला
फुटक्या टोपीचा तांब्याचा तुकडा,
खवल्याएवढा.
वाटलं, चोर सापडला.
जोडलं. ओढलं.
चक्री अर्धी फिरली आणि अडली.

पुन्हा उघडलं.
चक्री ढकलणारं कुत्रं जागेवर,
त्याची पातळ स्प्रिंग मधोमध तुटलेली.
छत्रीच्या काडीतून नवी घासली,
लाल करून तेलात विझवली,
मग निळसर होईपर्यंत शेकली.
दोन मोडल्या. तिसरी टिकली.
मध्ये वीज गेली, चहा झाला,
तांडेलाचा पोरगा पंपाचा वॉशर घेऊन गेला, उधारीवर.

मग बॅटरी धरून खाचा पाहिल्या.
वर्षाला एक बार, वीस वर्षांत वीस.
एवढ्यानं काही झिजत नाही.
पण सहाही खाचा
आडाळ्याच्या पाटासारख्या गुळगुळीत.
"काका, हे रोज कोण फिरवतं?"
ते बंदराकडे बघत राहिले.
मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं.
"काय म्हणलंस?"

जोडलं. कानाशी धरलं. ओढलं.
एक. दोन.
तिसरा बारीक, पण होता.
"आला!"
त्यांनी घेतलं, डाव्या कानाशी धरलं.
"नाय."
उजव्या.
"नाय गो."

तेवीस वर्षं इंजिनरूममध्ये.
सांगितलं मग त्यांनी, फडक्याची घडी घालता घालता:
रात्री जेवणानंतर दिवा मालवून
एकदा ओढायचे, मोजायचे.
तीन आले की झोपायचे.
गेल्या शिमग्यापासून दोनच.

त्यांचं ते माप होतं,
आणि मी दिवसभर
मापालाच दुरुस्त करत बसले होते.

लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
ज्यानं मी इंजिनाचं बेअरिंग ऐकते.
टोक पिस्तुलाच्या सांगाड्यावर,
मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर.
"ओढा," मी खुणेनं सांगितलं.
त्यांनी डोळे मिटले.
माझ्या मनगटावर त्यांचं मोकळं बोट
आपटलं एकदा, दोनदा,
आणि मग
जरा उशिरा,
जरा जोरात.

स्प्रिंगचे चाळीस रुपये सांगितले.
स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात राहिला,
मी मागितला नाही.
जेटीच्या वळणापर्यंत ओरडत होते,
खोबरेल घालू नका म्हणून.